मुक्ताबाईचं निळं पुस्तक

मी पासपोर्ट बोलतोय. मुक्ताबाई पंडित सानप हिचा पासपोर्ट. पण शिरूर कासारजवळच्या ज्या वाडीवर मी राहतो, तिथे मला या नावाने कुणी ओळखत नाही. तिथे मी ‘निळं पुस्तक’. मुक्ताबाईला वाचता येत नाही, त्यामुळे पुस्तक असूनही तिने मला कधी वाचलेलं नाही. उघडते, स्वतःचा फोटो बघते, “कशी बावरल्यावानी दिसती बया,” म्हणते आणि मिटून ठेवते.

माझा जन्म नाशिकच्या छापखान्यातला. जन्मलो तेव्हा मला ना नाव होतं ना चेहरा. माझ्यासारख्याच कोऱ्या भावंडांच्या गठ्ठ्यात पडून होतो. मग एके दिवशी एका यंत्राने माझ्या पानावर एक बाई उमटवली. कान दिसले पाहिजेत म्हणून डोक्यावरचा पदर मागे सारलेला, ओठ घट्ट मिटलेले. सहीच्या जागी अंगठा होता, तोही धड उठला नव्हता. कोयत्याच्या मुठीने आणि उसाच्या पाचटाने घासून घासून त्या बोटावर रेषाच उरल्या नव्हत्या. काळा डाग तेवढा पडला होता.

वरच्या ओळीत जन्मतारीख छापली होती, १ जानेवारी १९८५. ती मी निमूट अंगावर घेतली. आपल्या अंगावर जे छापलंय ते खरंच असणार, असं मला वाटत होतं.

मला काढायचा हट्ट दीपमालाचा. ही मुक्ताबाईची एकुलती एक लेक. आईबाप वर्षातले सहा महिने ऊस तोडायला परमुलखात असायचे आणि ही वसतिगृहात राहून शिकायची. परभणीला शेतीची पदवी घेतली, शिष्यवृत्ती मिळवली आणि उसावरच्या रोगांचा अभ्यास करायला अमेरिकेत गेली. तिकडे दक्षिणेलाही ऊस पिकतो. गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिने बापाला फोन केला.

“दादा, तुमी दोघंबी पासपोर्ट काढून ठेवा. मला डॉक्टर पदवी मिळंल तवा तुमाला यायचंच हाय.”

“आगं, आमी हितून बीडला जायचं म्हणलं तरी दोनदा इचार करतो,” पंडित म्हणाला. पण दुसऱ्याच आठवड्यात त्याने फॉर्म भरायला टाकले.

पोलीस चौकशीला आले ते नेमके थंडीत. वाडीवरच्या निम्म्या घरांना कुलपं होती, कारण माणसं साखर कारखान्यांवर गेली होती. आमच्या अर्जावर ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा पडला. पंडित तोड सोडून दोन दिवसांसाठी गावी आला आणि ठाण्यात जाऊन उभा राहिला. “साहेब, आमी पळून न्हाई गेलतो, कामाला गेलतो,” असं त्याने हात जोडून सांगितलं, तेव्हा कुठे आमचं पुढे सरकलं.

आमचं म्हणतो, कारण आम्ही दोघे होतो, मी आणि पंडितचा पासपोर्ट. एकाच टपालाने आलो आणि पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत एकावर एक जाऊन पडलो. बाहेर वर्षं जात होती. दीपमालाचा अभ्यास लांबत होता. आमची पानं कोरी होती, पण आम्हाला घाई नव्हती.

मग एका कार्तिकात पेटी अवेळी उघडली. मुक्ताबाईने मला बाजूला सारलं आणि खालचं पुस्तक बाहेर काढलं. पंडित गेला होता. कारखान्याकडे निघायच्या आदल्या आठवड्यात शेतातच त्याच्या छातीत कळ आली, बीडला पोहोचेपर्यंत संपलं होतं. घरात त्याचा दुसरा नीट फोटोच नव्हता. माझ्या सोबत्याच्या पानावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला गेला.

दीपमाला आली नाही. तिच्या व्हिसाची मुदत नुकतीच संपली होती. तिथे राहून शिकायला अडचण नव्हती, पण एकदा देश सोडला की परत शिरायला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. नाही म्हणाले तर इतक्या वर्षांचा अभ्यास अर्ध्यात. तरी ती निघाली होती. मुक्ताबाईनेच तिला फोनवर थांबवलं. “येऊ नको. आता येऊन कुणाला बघणारेस?”

अंत्यविधी पोरीने मोबाईलवर पाहिला. चुलता सुग्रीव फोन धरून उभा होता. अग्नी द्यायच्या वेळेला रेंज गेली आणि चित्र थांबलं.

त्यानंतर दीपमाला रोज फोन करायची. जेवले, म्हणायची. थंडी आहे, म्हणायची. आजीचे डोळे कसे आहेत, विचारायची. पण बापाचं नाव मात्र कधी काढलं नाही. मुक्ताबाईने विषय काढलाच तर, “माय, मला लॅबला जायचंय,” म्हणून फोन ठेवायची. पडद्यावर तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

एक दिवस ज्वारी निवडता निवडता मुक्ताबाई सासूला म्हणाली, “आत्याबाई, पोरगी बापासाठी रडलीच न्हाई. मीच तिला येऊ नको म्हणले. आतल्या आत काय करून घेतंय लेकरू, कुणाला ठाव. मला जायला पायजे.”

सासू सरस्वतीबाई ऐंशीच्या पुढची. डोळ्यांना अंधुक दिसतं, पण जीभ शाबूत आहे. “मग जा की. कशाला बसून ऱ्हायलीस?”

जाणं इतकं सोपं असतं तर मग काय! दीपमालाने तिकडून अर्ज भरला, तेव्हा मुलाखतीची तारीख मिळाली ती सव्वा वर्षानंतरची. पण योग असा, की मुलाखतीच्या पुढच्याच महिन्यात, मेमध्ये, दीपमालाचा पदवीदान समारंभ होता.

तारीख जवळ आली तसा युवराज घरी येऊ लागला. युवराज म्हणजे मुक्ताबाईच्या नणंदेचा, विजयमालाचा मुलगा. बीडला संगणकाचे वर्ग चालवतो. दोन-तीन पोरांना परदेशी जाताना त्याने मदत केलेली, म्हणून या बाबतीत घरात त्याचा शब्द चालायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला उघडलं, मग दीपमालाच्या कागदांची प्रत उघडली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“मामी, तुमचं जन्मसाल पंच्याऐंशी. दिपाचं शहाण्णव. मंजी तुमी अकराव्या वर्षी आई झालात?”

मुक्ताबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “आरं, मला कुठं तारीख म्हाईत हाय? आधारवाला पोरगा वय विचाराय लागला, मी म्हणले, टाक तुझ्या मनानं. त्यानं टाकलं.”

त्या मनानं टाकलेल्या तारखेवरून मी तयार झालो होतो. इतकी वर्षं मी स्वतःला खरा समजत होतो.

“आता दुरुस्त न्हाई व्हायचं का?”

“जन्माचा दाखला लागतोय. न्हाई ना तुमच्याकडं. आन् दिवस कुठं राह्यलेत?” युवराज हळू आवाजात म्हणाला, “मामी, त्यांनी विचारलंच नाही तर बरं. पण खोटे कागद म्हणून शेरा बसला तर तुमचं कायमचं बंद.”

“आन् दिपाचं?”

युवराज गप्प बसला. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण त्याचं ते गप्प बसणं मुक्ताबाईच्या मनात रुतून बसलं. आपल्याला नाही म्हटलं तर सोसता येईल. पण आपल्या एका चुकीच्या तारखेने पोरीची पदवी अडली तर? त्या दिवसापासून तिची भूक गेली. शेळ्या सोडताना, पाणी शेंदताना ती पुटपुटत असायची, पंच्याऐंशी, शहाण्णव, पंच्याऐंशी, शहाण्णव.

दुसरी काळजी बोटांची. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दहाही बोटांचे ठसे घेतात. मुक्ताबाईचा अंगठा रेशनच्या यंत्रावर चार महिन्यांतून एकदा उठायचा. दीपमालाने फोनवर सांगितलं, “माय, महिनाभर राखेनं भांडे घासू नको. शेणात हात घालू नको. खुरपं धरू नको.”

“मग मी दिवसभर करू काय?”

“बसून ऱ्हा.”

बसून राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. शेवटी सरस्वतीबाईनेच ते काम हाती घेतलं. रोज दुपारी सुनेला ओसरीवर समोर बसवायची आणि तिची बोटं लोण्याने चोळायची, एकेक करून, चाचपत. “ह्या बोटावर हाय बग एक रेघ,” म्हणायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला, पण बोटाला बोट लावून रेघ शोधायची. एकदा चोळता चोळता म्हणाली, “लगीन होऊन आलीस तवा तुजे हात असे नव्हते, मुक्ता.”

मग सुरू झाली मुलाखतीची तालीम. युवराज दाराच्या जाळीपलीकडे खुर्ची टाकून साहेब होऊन बसायचा. मुक्ताबाई अलीकडे उभी, हातात मी.

“नमस्कार,” युवराज म्हणाला.

“ये की रे. बस. उन्हातनं आलास.”

“मामी! साहेबाला बस म्हणायचं न्हाई. तुमी कशाला चालल्या अमेरिकेला?”

“पदी... पदवी...”

“पदवीदान समारंभाला.”

“हां, त्यालाच.”

“काम काय करता?”

“ऊस तोडते.”

युवराजने कपाळावर हात मारला. “न्हाई मामी! गृहिणी. ऊस तोडते म्हणलं की त्यांना वाटतंय, ही बाई तिकडं मजुरी करत ऱ्हाईल, माघारी येणार न्हाई. ऊसतोडीचं नावच काढायचं न्हाई.”

“आरं, पर मंग तीस वर्सं मी काय केलं?”

तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “युवराजभाऊ, फॉर्ममदी मी शेती आन् ऊसतोड लिवलंय.”

“कशाला लिवलंस? गेलं काम!”

“मायनं तेच केलंय, मनून लिवलं.”

आता मुक्ताबाईपुढे दोन उत्तरं झाली. एक भाच्याचं, एक लेकीचं. दोघेही शिकलेले, दोघेही तिच्या भल्याचं सांगणारे. ती रोज ठरवायची आणि रोज मोडायची.

निघायच्या दिवशी युवराजने कागदांची पिशवी लावली. दीपमालाचं पत्र, विद्यापीठाचं पत्र, सातबारा, बँकेचा कागद आणि सगळ्यांत वर मी. सरस्वतीबाईने कुठून तरी एक जुनं रेशनकार्ड काढून आणलं. कडा कुरतडलेल्या, मध्ये तेलाचा डाग. युवराजने ते बाजूला ठेवलं. “आजी, हे कशाला? फाटकंतुटकं बघून त्यांचं मन बिघडंल.” तो पाणी प्यायला आत गेला, तेव्हा म्हातारीने चाचपडत पिशवी शोधली आणि ते माझ्यामागे सारून दिलं.

मुंबईला युवराज बरोबर होता. पहिल्या दिवशी ठसे. काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवली. यंत्राने नाकारली. पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा नाकारली. मागची रांग चुळबुळत होती. यंत्रावर बसलेली मुलगी शांत होती. “मावशी, दाबू नका इतकं. हात सैल सोडा,” म्हणाली. मुक्ताबाईला हात सैल सोडता येत नव्हता. पाचव्या का सहाव्या खेपेला त्या मुलीने स्वतःचा तळहात मुक्ताबाईच्या हातावर अलगद ठेवला आणि हिरवा दिवा लागला. बाहेर आल्यावर मुक्ताबाई फुटपाथवर बसूनच तांब्याभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या दाराशी युवराजला थांबावं लागलं. फोनही बाहेर ठेवायचा. “मामी, घाबरू नका,” तो म्हणाला आणि त्याचाच आवाज चिरकला. आत गेलो ते मी आणि ती.

आत मोठं दालन आहे आणि ओळीने काचेच्या खिडक्या. आमच्या पुढे वीस-बावीस माणसं. मी तिच्या मुठीत होतो आणि तिच्या घामाने माझं कव्हर ओलं झालं होतं. पुढचं सगळं मला दिसत होतं. साहेबाने पासपोर्ट ठेवून घेतला तर काम झालं. काचेखालून परत सरकवला तर नाही. कोटातला एक माणूस परत मिळालेला पासपोर्ट खिशात टाकून भराभरा निघून गेला. एक म्हातारं जोडपं परत मिळालेल्या दोन्ही पुस्तकांकडे बघत तिथेच उभं राहिलं, त्यांना शिपायाने हलकेच बाजूला केलं.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं. या बाईच्या हाताला मी परत लागू नये, एवढंच.

आमची पाळी आली. काचेपलीकडे तांबूस दाढीचा एक तरुण साहेब होता आणि त्याच्या शेजारी मराठी बोलणारी एक बाई. साहेब इंग्रजीत विचारायचा, ती मराठीत सांगायची.

“कशासाठी जाताय?”

महिनाभर घोकलेला शब्द ऐन वेळी पळाला. मुक्ताबाईने डोक्यावर हात नेऊन दाखवलं. “पोरीला... ती काळी टोपी घालतात ना, चौकोनी. त्याला.”

मराठी बाईच्या ओठांना हसू फुटलं. “मुलगी कशात शिकली?”

“तांबेऱ्यात.”

“कशात?”

“उसाचा तांबेरा. पानावर तांबूस ठिपके पडतात बगा. बोट फिरवलं की गेरूवानी लागतंय बोटाला. पुढं पान वाळतंय, ऊस हलका भरतोय. त्याचं शिक्षण घेतलंय तिनं.”

साहेबाने मान वर केली. “तुम्हाला इतकं कसं माहीत?”

इथे युवराजचं उत्तर तयार होतं. पण मुक्ताबाईने काचेला टेकवलेले हात खाली घेतले आणि म्हणाली, “मी ऊस तोडते, साहेब. तीस हंगाम तोडला. माझे मालक होते तवर दोघं, आता जावेसंगं.”

साहेबाने मला उघडलं. पान बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. माझ्या त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“तुमचं वय चाळीस. मुलीचं एकोणतीस. बरोबर?”

आलं. ज्याची भीती होती तेच आलं.

“ती तारीख खरी न्हाई,” मुक्ताबाई म्हणाली. मराठी बाईने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब ताठ बसला. मी तर मिटूनच गेलो असतो, पण त्याच्या अंगठ्याने मला उघडं धरलं होतं.

“म्हणजे पासपोर्ट चुकीचा आहे?”

“पुस्तक सरकारनं दिलंय, ते खरं हाय. मला तारीखच न्हाई साहेब. आमच्यात कुणी लिवून ठेवली न्हाई. आधार काढताना तिथल्या पोरानं मनानं टाकली. माझी चूक हाय, मी टाक म्हणले. पोरीची काय चूक न्हाई. तिची तारीख खरी हाय. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झाली ती, दुपारपतूर मी मोळ्या बांधल्या, तिसऱ्या पारी झाली.” “मला न्हाई म्हणायचं तर म्हणा. पर तिच्या शिक्षणाला काय करू नका.”

साहेबाने मराठी बाईला काहीतरी विचारलं. “तुमच्याकडे दुसरा काही जुना कागद आहे का, वयाचा?”

मुक्ताबाईने पिशवीतले सगळेच कागद काचेखाली ओतले. रेशनकार्ड आपल्याजवळ आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. साहेबाने ते उचललं, बाईकडे दिलं. बाईने वाचून दाखवलं. सन १९९९. कुटुंबप्रमुख पंडित, वय पंचवीस. पत्नी मुक्ता, वय एकवीस. मुलगी दीपमाला, वय तीन. आई सरस्वती. तहसीलचा गोल शिक्का, फिकट झालेला.

साहेबाने आकडे पुन्हा बघितले. “पती?”

“वारले. दोन वर्सं होतील.” आणि मग जे कुणीही शिकवलं नव्हतं ते ती बोलून गेली. “खरं सांगू का साहेब, टोपीबिपी हायच. पर मला तिच्याजवळ बसायचंय. बाप गेला तवा ती येणार व्हती, मीच नको म्हणले. तवापासनं ती रडली न्हाई.”

मराठी बाईने हे सांगताना आवाज खाली घेतला.

“किती दिवस राहणार?”

“मिरगाच्या आत माघारी यायला पायजे. पेरणी हाय. आन् सासूला दिसत न्हाई. नणंद ठेवलीय तिच्याजवळ, पर तिलाबी तिचं घर हाय.”

साहेब बराच वेळ टंकत राहिला. मग त्याने रेशनकार्ड, सातबारा, पत्रं सगळं नीट जुळवून काचेखालून परत दिलं. मी त्याच्या हाताशी होतो. त्याने मला उचललं आणि मागच्या ट्रेमध्ये ठेवलं.

मुक्ताबाईने कागद चाळले, पुन्हा चाळले. “माझं पुस्तक? बाई, माझं पुस्तक द्या की. खोटं असलं तरी माझंच हाय ते.”

“मावशी,” ती मराठी बाई काचेजवळ तोंड आणून म्हणाली, “पुस्तक आम्ही ठेवून घेतलंय. व्हिसा लावून पाठवू. जा तुम्ही पोरीकडे.”

मुक्ताबाई तरी हलेना. शेवटी तिने साहेबाला हात जोडले आणि म्हणाली, “जेवून घ्या. लई उशीर झालाय तुमाला.”

तिच्यापासून दूर माझे ते पहिलेच आठ दिवस. परत आलो तेव्हा माझ्या एका कोऱ्या पानावर व्हिसा चिकटला होता. पुढचं विमान, पट्टे, जिने, रांगा मी सांगत बसत नाही. मुक्ताबाईने सगळा प्रवास मला पोलक्यात धरून केला.

समारंभ झाला. दीपमालाने टोपी घातली, आईलाही घालून फोटो काढला. ती हसत होती, आईला मोठाली दुकानं दाखवत होती, सारखी काही ना काही करत होती. एक क्षण रिकामा सोडत नव्हती. मुक्ताबाईने आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी सकाळी पोरगी पर्स उचलून निघाली, तर तिने दार लावून घेतलं.

“दिपे, बस हितं. दादाचं सांगायचं ऱ्हायलंय.”

“माय, नको.”

“फोन बंद पडल्यावर पुढं काय झालं ते तुला म्हाईत न्हाई. मी सांगते.”

तिने सगळं सांगितलं. त्या सकाळी पंडितने काय खाल्लं, बांधावर कुणाशी काय बोलला, कळ आल्यावर कुठल्या झाडाखाली बसला, सुग्रीवने त्याला कसा उचलला. काहीच गाळलं नाही.

“माझं नाव घेतलं का त्यांनी?” दीपमालाने विचारलं.

मी टेबलाच्या खणात होतो आणि खण अर्धा उघडा होता. ‘घेतलं’ म्हण, असं मला वाटून गेलं. एका शब्दाने काय बिघडणार होतं?

मुक्ताबाई म्हणाली, “न्हाई. त्याला बोलताच आलं न्हाई, बाळा.”

तेव्हा दीपमाला रडली. आईच्या मांडीत तोंड खुपसून, मोठ्याने, लहान पोर रडतं तशी. मुक्ताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या खरखरीत बोटांचा आवाज कापडावर मला ऐकू येत होता.

आता आमचे दोनच दिवस उरलेत. माझ्या शेजारी खणात दीपमालाचा पासपोर्ट आहे, मुदत संपलेल्या व्हिसासह. तिने ठरवलंय, या हिवाळ्यात गावी यायचं. पुढच्या संशोधनासाठी पुन्हा इकडे परतायचं तर तिलाही त्याच काचेसमोर उभं राहावं लागेल. काल ती आईला म्हणाली, “माय, मला न्हाई म्हणले तर?”

“तर न्हाई म्हणले. घर हाय की,” मुक्ताबाई म्हणाली आणि बॅगेत लुगडी भरू लागली.

पण मला त्या दालनाची आठवण येते आणि माझी पानं आकसतात. म्हणून जाता जाता एकच विनंती करतो. काचेपलीकडच्या माणसांनो, या हिवाळ्यात तुमच्या खिडकीशी दीपमाला सानप नावाची एक बारीकशी मुलगी येईल. तिला घाई करू नका. उत्तर द्यायला तिला थोडा वेळ लागतो, पण ती खरं बोलेल.